विचारली असती, तर ती शंकाच होती

काकू, प्रशांतभाऊ, शाळेचे सगळे गुरुजन, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या माझ्या बायांनो,

बांते सरांना जाऊन आज तेरा दिवस झाले. माझ्या आधी पाच जण बोलले. कोणी सरांना ज्ञानाचा सागर म्हटलं, कोणी दीपस्तंभ म्हटलं. चांगलं बोलले सगळे. मला तसं बोलता येत नाही. आणि आज येत असतं तरी मी बोलले नसते.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. दोनदा नाही म्हटलं. मग प्रशांतभाऊ स्वतः घरी आले. म्हणाले, "बाई, बाबांचं काम तुम्ही सगळ्यात जवळून पाहिलं. तुम्हीच गप्प राहिल्या तर कसं?" मी म्हटलं, मी येते, पण जे आहे ते बोलेन. ते म्हणाले, बोला. मी काय बोलणार ते त्यांना माहीत आहे. काकूंनाही माहीत आहे. म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मी इथे सरांची तक्रार घेऊन उभी आहे.

गेलेल्या माणसाची तक्रार करू नये म्हणतात. मलाही घरी तेच शिकवलं. पण मी ही तक्रार न्यावी कुठे? ज्यांच्याकडे न्यायची, ते हार घालून फोटोत बसले आहेत.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी शशिकला रामटेके. सिहोऱ्याच्या अलीकडे आमची अंगणवाडी आहे, तिथे मी सेविका आहे. सर इथे शाळेत मराठी शिकवायचे, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या भागातले शब्द गोळा करायला घेतले. शेतीचे, तलावाचे, जंगलाचे, स्वयंपाकाचे. पण एक अडचण होती. बायांचे शब्द त्यांना मिळत नव्हते. भाताच्या रोवणीच्या चिखलात वाकलेल्या बायांमध्ये पुरुष जाऊन बसणार कसा? सर धुऱ्यावर उभे राहायचे आणि बाया गप्प व्हायच्या. मग एक दिवस सर अंगणवाडीत आले. लेकरांसोबत खाली बसले. म्हणाले, "शशिकलाबाई, मला तुमचे कान पाहिजेत."

असं मला कोणी कधी मागितलं नव्हतं. माझ्याकडे लोक पोषण आहार मागायचे, जन्माचा दाखला मागायचे, लेकराचं वजन मागायचे. माझे कान कोणी मागितले नव्हते. मी लगेच हो म्हटलं.

सरांची पद्धत तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेल. गावोगावच्या जुन्या लग्नपत्रिका ते जमवायचे. त्यांचे सारखे चार तुकडे कापायचे. पुढच्या बाजूला कोणाचं तरी शुभमंगल, मागच्या कोऱ्या बाजूला शब्द. शब्द, त्याचा अर्थ, तो आला कुठून, आणि तो वापरतात कसा. त्याखाली, तो शब्द कोण बोललं, कोणत्या गावात, काय काम करताना बोललं. यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय, असं मी विचारलं होतं. सर म्हणाले, वापर. अर्थ आपण लावतो, उगम आपण शोधतो, पण वापर हा त्या माणसाचा असतो. तिथे मनचं वाक्य लिहायचं नाही. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.

आता एक कबुली देते. आधीच देते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की बाईंनी आपलं तेवढं झाकलं. पहिल्याच वर्षी माझ्याकडून एकदा चूक झाली. एका शब्दाला वापर मिळाला नव्हता. सर येणार होते, कार्ड कोरं द्यायची लाज वाटली, म्हणून मी माझ्या मनानंच एक वाक्य लिहिलं. सरांनी ते वाचलं आणि हसले. म्हणाले, "बाई, हे कोणी बोललेलं नाही. हे तुमचं आहे. बोलणारा माणूस इतका नीटनेटका बोलत नाही." मी मान खाली घातली. त्यांनी कार्ड फाडलं, चहा मागितला, आणि विषय संपला. मला वाटलं, संपला.

त्यानंतर मी एकही वाक्य मनचं लिहिलं नाही. एकही नाही. ही गोष्ट मी आज सरांच्या फोटोसमोर सांगते आहे. त्यांच्यासमोर सांगायची संधी मला मिळाली नाही, कारण त्यांनी विचारलं नाही.

आता मूळ गोष्टीवर येते.

एका उन्हाळ्यात सर अंगणवाडीच्या ओसरीवर बसले होते. आमची मदतनीस सुनंदा, मी, आणि आणखी दोघीतिघी होतो. सुनंदा काहीतरी बोलता बोलता म्हणाली, "मले त्याच्यावर डाउट होता." झालं. सरांची गाडी सुरू झाली. म्हणाले, पाहा, आपल्याकडे या एका गोष्टीला किती शब्द. पोरं 'डाउट' म्हणतात. बाजारात 'शक' म्हणतात, तो अरबीतून फारसी-हिंदीच्या वाटेनं आला. शाळेत आपण 'शंका' म्हणतो. आणि कोर्टात, पेपरात, घरात म्हणतात 'संशय'. मग मला विचारलं, "सांगा शशिकलाबाई, शंका आणि संशय यात फरक काय?"

मी म्हटलं, काय फरक? दोन्ही एकच.

सर म्हणाले, "वापर पाहा. शंका आपण विचारतो. संशय कधी विचारतो का? संशय घेतो. संशय धरतो. संशय मनात ठेवतो. पोरगं वर्गात हात वर करून म्हणतं, सर, एक शंका विचारू? एक संशय विचारू, असं कधी कोणी म्हटलं का? विचारली की ती शंका. विचारायचं राहिलं की त्याचाच संशय होतो."

सुनंदा म्हणाली, "शंकेची तं पाल चुकचुकते ना सर?"

सर खूप हसले. म्हणाले, "बरोबर. पाल आवाज तरी करते. संशय आवाज करत नाही." मग त्यांनी उगम सांगितला. संस्कृतातला 'शी' म्हणजे निजणं, पडून राहणं. 'संशय' त्यातूनच आलेला. मन उठत नाही, जात नाही, दोन्ही बाजूंना अंग टाकून मधेच पडून राहतं. म्हणाले, "म्हणून संशयी माणूस आळशी असतो बाई. उठून विचारायचे कष्ट त्याला नको असतात."

हे सरांचे शब्द आहेत. मी यातलं काही सजवलेलं नाही. इथे सुनंदा बसली आहे, तिला विचारा.

त्याच वर्षीची रोवणी. पलीकडच्या टोलीवर, त्या छोट्या वस्तीत, गिरजाआजी राहतात. तेव्हाच त्यांची साठी उलटली होती, पण रोवणीत पुढे त्याच. मी धुऱ्यावर चप्पल काढली आणि बायांसोबत चिखलात उतरले, तसं बायांनी मला नेहमीसारखं चिडवलं, "आली वं शब्दवाली, तोंड सांभाळा आता." बोलणं चाललं होतं गिरजाआजीच्या पोराचं. पोरगा नागपूरला असतो, आईला ये म्हणतो. कोणीतरी विचारलं, जात का नाही मग? आजी पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, पेंढी सोडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या,

"पोरगा बोलावते तं खरं. पन सून मनापासून बोलावते का नाही, काय मालूम. माहं मन धुऱ्यावर हाय वं बाई. या बांधीत बी नाही अन् त्या बांधीत बी नाही."

मी तिथेच थांबले. हातातले पऱ्हे हातातच राहिले. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला, भाताच्या दोन खाचरांमधला, तो मातीचा बांध. त्यावर मन पडून आहे. इकडे उतरत नाही, तिकडे उतरत नाही. सरांनी ओसरीवर जे संस्कृतातून सांगितलं होतं, ते ही बाई चिखलात उभी राहून सांगत होती. आणि तिला त्याचं काही नव्हतं. ती पुढचा पऱ्हा रोवत होती.

मी ते कार्ड इतक्या काळजीनं लिहिलं. मन धुऱ्यावर असणे. अर्थ, संशय असणे, ठरत नसणे. वापर, आजींचं वाक्य जसंच्या तसं. खाली नाव, टोली, रोवणी करताना.

सरांनी ते वाचलं. परत वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, "फार छान, शशिकलाबाई. फार छान." आणि ते कार्ड त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं. बाकीची पिशवीत टाकली, ते एकटं खिशात ठेवलं. मी घरी जाऊन आमच्या यांना सांगितलं, सरांनी माझं कार्ड खिशात ठेवलं. हे म्हणाले, मग आता तुझं मंदिर बांधू का? पण मी खूष होते. बायांनो, मी फार खूष होते.

त्यानंतर नऊ वर्षं मी सरांना कार्डं देत राहिले. दर रविवारी नाही, पण महिन्यातून दोन रविवार तरी. बाळंतिणीच्या खोलीतले शब्द, मोहफुलं वेचतानाचे, खळ्यावर भात चुरतानाचे, चुलीपाशी भांडतानाचे. आमच्या वस्तीतले वेगळे, तुमच्या वस्तीतले वेगळे. घरच्यांची बोलणी खाल्ली. एकदा चिखलात पाय मुरगळला, तर पंधरा दिवस लंगडत अंगणवाडी केली. सर दर वेळी कार्डं घ्यायचे, वाचायचे, म्हणायचे, "छान. आणखी आणा." काकू चहा आणायच्या. मी चहा प्यायचे आणि निघायचे.

नऊ वर्षं. छान. आणखी आणा.

सर गेले त्याच्या पाचव्या दिवशी प्रशांतभाऊंनी मला बोलावलं. संग्रह छापायचा आहे, पुढच्या महिन्यात प्रेसला द्यायचा आहे, कार्डं लावायला मदत करा म्हणाले. सरांनी कार्डं खडूच्या रिकाम्या खोक्यांत ठेवली होती. अ चं खोकं, आ चं खोकं, अशी ओळीनं. मी अ पासून सुरुवात केली. माझं एकही कार्ड दिसेना. क संपला, ग संपला. माझं अक्षर कुठेच नाही. मी म्हटलं, सरांनी परत लिहून काढली असतील. पण बायांचे शब्दच नव्हते. रोवणीचे शब्द होते, ते सगळे पुरुषांनी सांगितलेले. धुऱ्यावर उभं राहून जितकं दिसतं तितके.

मी प्रशांतभाऊंना विचारलं, माझी कार्डं कुठे आहेत? त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पलंगाखालची लोखंडी पेटी दाखवली.

पेटीत माझी सगळी कार्डं होती. नऊ वर्षांची. दोऱ्यानं बांधलेली, वर्षावार. एकही हरवलेलं नाही. आणि वर सरांच्या सुंदर अक्षरात एक पट्टी होती. "संशयास्पद. श. रा."

श. रा. म्हणजे मी.

मी दोरा सोडला. सगळ्यात वरचं कार्ड गिरजाआजीचं. त्याच्या कडेला पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं. "अतिसुंदर, म्हणून शंका. स्वतः जाऊन विचारले. बाई नाही म्हणाली."

मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही, असं म्हणण्याची पद्धत आहे. पण मी सांगू शकते. मला वाटलं, कोणीतरी नऊ वर्षं माझ्याशी गोड बोलून मला फसवलं. माझ्याच कामात मला फसवलं. मला वाटलं, यापेक्षा त्यांनी मला पहिल्याच दिवशी हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

काकू म्हणाल्या, "मी त्यांना म्हणत होती शशिकला, एकदा विचारून टाका तिले. ते म्हणत, राहू दे, बाईचं मन दुखंल. एवढी मेहनत घेते बिचारी."

बिचारी.

काकू, मी तुमच्यावर रागावलेली नाही. खरं सांगायचं तर थोडी रागावलेली आहे. तुम्ही चहा देत होतात आणि तुम्हाला माहीत होतं. पण ते आपण दोघी बोलून घेऊ, ते इथलं नाही.

मन दुखेल म्हणून विचारलं नाही. मला सांगा, हा कुठला चांगुलपणा? मी काय काचेची होते? मी अंगणवाडीत रोज आयांची बोलणी खाते, वरून साहेबांची खाते. एक प्रश्न मला सोसला नसता? "शशिकलाबाई, हे वाक्य खरंच आजी बोलल्या का?" एवढंच विचारायचं होतं. त्याला किती वेळ लागतो? मी म्हटलं असतं, हो सर. ते म्हणाले असते, मग त्या नाही कशा म्हणतात? मी म्हटलं असतं, चला, दोघं जाऊ.

ते झालं नाही. म्हणून मी एकटी गेले.

मागच्या आठवड्यात गिरजाआजीकडे गेले. आता त्यांना कमी दिसतं. ओसरीवर बसल्या होत्या. मी विचारलं, आजी, खूप वर्षांआधी बांते सर तुमच्याकडे आले होते का?

"आले होते ना जी. गाडीवर आले होते. त्यायचे गुडघे दुखत होते, मंग म्या शेजारून खुर्ची आणली. चहा देल्ला. लय मोठा मानूस, पन काही घमेंड नाही."

"काय विचारलं त्यांनी?"

"खिशातून कागद काहाडला अन् वाचून दाखवला. म्हने, तुमी असं बोलता का? मन धुऱ्यावर हाय म्हनता का?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्या म्हनलं, नाही जी, आमी कायले असं म्हनू? आमी संशय म्हनतो."

मी म्हटलं, "आजी, तुम्ही म्हणाल्या होत्या. माझ्यासमोर. रोवणीत. पोराची गोष्ट निघाली होती."

आजी हसल्या. म्हणाल्या, "हव, म्हनली असंन. आमी तं म्हनतोच. पन सरायच्या समोर कसं म्हनू बाई? येवढे शिकलेले. ते म्हनतील, बुढी अडानी हाय, इले बोलता येत नाही. म्हनून म्या शुद्ध सांगतलं." आणि मग मला विचारतात, "बराबर सांगतलं ना मी?"

आता मी त्या बाईला काय उत्तर देऊ? मी म्हटलं, हो आजी, बरोबर सांगितलं.

हसू नका. आपण सगळे असेच आहोत. मीसुद्धा मघापासून या माईकसमोर शुद्ध बोलून राहिली आहे. घरी मी अशी बोलते का? समोर साहेब आला, गुरुजी आला, की आपली बोली पदराखाली जाते. आपल्या भागातल्या बाया मास्तरसमोर असंच वागतात, आणि हे माझ्यापेक्षा सरांना जास्त माहीत होतं. त्यांनीच मला शिकवलं होतं. माझ्या पहिल्या रविवारी त्यांनी सांगितलं होतं, "बाई, खुर्चीवर बसायचं नाही. कागद काढायचा नाही. शब्द विचारायचा नाही. काम करायला लागायचं, शब्द आपोआप येतो." हा त्यांचा नियम. आणि त्या दिवशी ते खुर्चीवर बसले. कागद काढला. शब्द विचारला. तीनही गोष्टी केल्या. गुडघे दुखत होते म्हणून खुर्चीवर बसले, हे मी समजू शकते. पण घरी परत आल्यावर एकदा तरी त्यांच्या मनात यायला हवं होतं की आपण आज चुकीच्या पद्धतीनं विचारलं. ते नाही आलं. बाई खोटी आहे, हे मात्र लगेच आलं.

असं का झालं? पेटी उघडल्यापासून मी हाच विचार करून राहिली आहे. एक तर माझी ती पहिली चूक होती, ती त्यांनी विसरल्यासारखं दाखवलं आणि विसरले नाहीत. आणि दुसरं, ते मला जास्त लागतं. त्यांना वाटलं, इतकं सुंदर वाक्य एक अडाणी बुढी बोलणार नाही. आणि बोलली असती तर आपल्याला सांगितलं असतं. ज्यांनी आयुष्यभर सांगितलं की आपल्या बायांची भाषा सोन्यासारखी आहे, त्यांना सोनं दाखवल्यावर ते पितळ वाटलं.

शितावरून भाताची परीक्षा करतात, ठीक आहे. पण सरांनी एक शीत दाबलं आणि नऊ वर्षं रोज नवा भात न पाहताच उतरवून ठेवला. गिरजाआजीचं एक कार्ड चुकीचं वाटलं, समजू शकते. पण सुनंदाचं? कमलाबाईचं? माझ्या स्वतःच्या आईचं? माझी आई गेली सर. तिनं सांगितलेले शब्द त्याच पेटीत आहेत. ती तर तुमच्यासमोर कधी आलीच नव्हती. तिला कोणी विचारायलाही गेलं नाही.

आणि खरं दुखतं ते वेगळंच आहे. कार्डं गेली तर गेली. पण आता मला सरांची एकही शाबासकी खरी वाटत नाही. माझ्या कानांचं त्यांनी कौतुक केलं होतं, ते खरं होतं का? माझ्या पोरीला ते आशीर्वाद द्यायचे, आईसारखी हो म्हणायचे, ते खरं होतं का? कोणाला विचारू? त्यांनी माझ्यावर संशय घेतला आणि जाताना तो मला देऊन गेले. आता तो मी घेऊन बसले आहे. सर सुटले.

प्रशांतभाऊंनी परवा मला विचारलं, बाई, त्या पेटीचं काय करू? ते चांगले आहेत, त्यांनी विचारलं. म्हणाले, तुम्ही सांगत असाल तर सगळी कार्डं तशीच छापून टाकू, तुमच्यावर माझा विश्वास आहे.

मी नको म्हटलं. आज सगळ्यांसमोर परत सांगते, नको. मला असा उपकाराचा विश्वास नको. आता ज्या कोणाला हे पुस्तक करायचं आहे, त्यांनी प्रेसला एक वर्ष थांबायला सांगावं आणि माझं एकेक कार्ड घेऊन त्या त्या बाईकडे जावं. खुर्ची मागायची नाही. कागद खिशात ठेवायचा. रोवणी असेल तर रोवणीत उतरायचं, चूल असेल तर चुलीपाशी बसायचं. ऐकायचं. जे कार्ड खरं निघेल ते घ्या. जे निघणार नाही ते माझ्यासमोर फाडा. माझ्या आईची कार्डं मात्र आता कोणी पडताळू शकत नाही, ती बाजूला ठेवा, ती मी घरी नेईन. पण बाकीच्या बाया जिवंत आहेत. काही इथेच बसल्या आहेत. आणि त्या म्हाताऱ्या होऊन राहिल्या आहेत, म्हणून लवकर करा.

बायांनो, तुमच्याकडे कोणी आलं तर लाजू नका. जसं बोलता तसंच बोला. तुमच्या शुद्ध बोलण्यानं मी नऊ वर्षं खोटी ठरली.

मी खूप वेळ घेतला. अध्यक्ष घड्याळ पाहून राहिले आहेत, मला दिसतं.

आता दोन मिनिटं आपण उभं राहून शांत राहणार आहोत. मीही राहीन. सर मोठे होते, ते मी आजही म्हणते. त्यांनी मला जे शिकवलं ते खोटं नव्हतं. ते शिकवलेलं त्यांनी माझ्या बाबतीत पाळलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. मी त्यांना आज माफ करते असं म्हणणार नाही. मनात नाही ते बोलण्याची रीत सरांच्या घरात आधीच फार झाली. शांततेनंतर मी बाहेर दारापाशी उभी राहणार आहे. आज मी इथे जे बोलले त्यात कोणाला काही खोटं वाटलं असेल, तर त्यानं तिथे येऊन मला विचारावं. काकू, तुम्हीही या. कितीही तिखट असलं तरी विचारा, मी तिथून हलणार नाही.

सर, तुम्हाला माझा नमस्कार.

तुम्ही विचारायला पाहिजे होतं सर. मी खरं सांगितलं असतं.